उत्तर: निबंधाला 'एल' आणि फेरतपासणी
एमकॅट या अमेरिकेतल्या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत बाकी विभागांत झकास गुण, निबंधाला मात्र 'एल', आणि फेरतपासणी मागितली नाही याची तुम्हाला अजून रुखरुख आहे. मला वाटतं, हाती फारसं लागलं नसतं. 2013 मध्ये बंद होण्याआधी एमकॅटच्या त्या भागात 30 मिनिटांचे दोन निबंध असत, श्रेणी 'जे' (सर्वांत कमी) ते 'टी' (सर्वांत जास्त). भाषेपेक्षा तीन कामं महत्त्वाची: विधान उलगडणं, त्याच्या उलट ठोस उदाहरण देणं, मग कुठलं केव्हा लागू होतं ते ठरवणं. मीही दुसऱ्या निबंधात पहिल्याच कामावर पाल्हाळ लावलं आणि उदाहरण शेवटच्या दोन मिनिटांत कसंबसं कोंबलं. इंग्रजी फर्डं होतं हो! तरी 'एम'. तुमचं तिसरं काम झालं होतं का, आठवतंय?