रोझ गेली

‘वाड्यातली मंडळी’ ग्रुप, एप्रिल २०२५

आत्या लंडन: रोझ गेली.

काकू: अगंबाई! वन्सं, तुमच्या शेजारची का? परवाच म्हणालात ना तिला बरं नाही.

आत्या लंडन: नाही गं, ती ठणठणीत आहे. जीन मार्श गेली. ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’मधली मोलकरीण रोझ. ९० वर्षांची होती.

बाबा: ॐ शांती.

दादा: म्हणजे त्या डीव्हीडीवाल्या मालिकेतली! आत्या, तुला तो संच पाठवण्याआधी मी लावून बघितला होता. पहिला भाग रंगीत, दुसरा एकदम ब्लॅक अँड व्हाइट. डिस्क खराब म्हणून दुकानदाराशी भांडून आलो.

आत्या लंडन: 😂 अरे, तेव्हा आयटीव्ही या इथल्या वाहिनीच्या तंत्रज्ञांनी पगाराच्या भांडणात रंगीत चित्रीकरणावरच बहिष्कार टाकला होता. सुरुवातीचे सहा भाग बिनरंगी झाले. पहिला तेवढा नंतर पुन्हा रंगीत करून घेतला. मला मात्र त्या वेळी काहीच कळलं नाही, आमचा भाड्याचा टीव्हीच ब्लॅक अँड व्हाइट.

ताई: हे ‘डाउनटन अ‍ॅबी’सारखंच ना?

आत्या लंडन: ‘डाउनटन’ यांच्यासारखं! ते आलं २०१० मध्ये. ही १९७१ ते ७५, एकूण ६८ भाग. लंडनमधलं बेलमी कुटुंबाचं घर, वर मालक, तळघरात नोकर, काळ १९०३ ते १९३०. कल्पना जीन मार्श आणि आयलीन अ‍ॅटकिन्स या दोन नट्यांची. आयलीनला नाटकामुळे काम करता आलं नाही. तिच्यासाठी ठरलेली साराची भूमिका पॉलिन कॉलिन्सने केली, आणि काय केली!

मी सप्टेंबर ७१ मध्ये आले, ऑक्टोबरात हे सुरू झालं. रविवारी रात्री. खोलीत विजेचा मीटर होता, दहा पेन्सचं नाणं टाकलं की वीज. रविवारची नाणी मी कुंकवाच्या रिकाम्या डबीत वेगळी ठेवायचे. एकदा ह्यांनी त्यातली बसला वापरली आणि ऐन रंगात आलेला भाग अंधारात गेला. दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. तोवर मला एकाही इंग्रज बाईने घरात बोलावलं नव्हतं. या देशात मी पाहिलेलं पहिलं स्वयंपाकघर मालिकेतल्या स्वयंपाकीणबाई मिसेस ब्रिजेसचं. आणि इंग्रजी शिकले त्यातल्या बटलरकडून, हडसनकडून. कामावरची सुपरवायझर म्हणायची, तू बटलरसारखी काय बोलतेस!

बाबा: हडसनची शिस्त वाखाणण्याजोगी. माझी दुसरी सिझन चालू आहे.

काकू: भाऊजी, तुम्हाला हडसन आवडणारच. तुमच्याकडे पाचसहा भाग पाहिले तेव्हा मला ती रूबीच दिसत होती. भांडी घासणारी. जो तो तिच्यावर खेकसतो.

आत्या लंडन: पहिल्या भागात सारा कामाला येते तेव्हा स्वतःचं नाव क्लेमन्स सांगते. बाईसाहेब म्हणतात, हे काही मोलकरणीचं नाव नव्हे, तुला सारा म्हणू. झालं, बदललं नाव.

काकू: त्यात काय एवढं, मलाही दिलंच की ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून. आईकडचं नाव आता बँकेलाही पटत नाही.

ताई: 😶

बाबा: ती पद्धत होती. तुलना योग्य नाही.

आत्या लंडन: सासूबाई ७८ साली आल्या होत्या, त्यांना ते घर दाखवायला नेलं. मालिकेत पत्ता १६५, ईटन प्लेस. खरं घर ६५, चित्रीकरणापुरता त्याआधी १ हा आकडा रंगवलेला. पांढरे खांब, कठड्याआडून तळघरात उतरणारा नोकरांचा जिना. सासूबाई नऊवारीवर माझा कोट घालून कठड्यावरून वाकल्या आणि म्हणाल्या, “अगं, उजेड कुठून येत असेल खाली?”

दादा: टायटॅनिकवर जातात त्या कोण? की रोझच जाते?

आत्या लंडन: बाईसाहेब, लेडी मार्जरी. त्यांची दासी वाचते आणि दागिन्यांची पेटी उराशी धरून परत येते. रोझचं लग्न ठरलेलं असतं, तो युद्धात मारला जातो. शेवटी घर विकतात, आणि ती एकटी रिकाम्या खोल्यांतून

बाबा: अक्का!!! मी दुसऱ्या सिझनवर आहे.

आत्या लंडन: अरे पन्नास वर्षं झाली त्याला.

बाबा: मला नाही ना झाली.

काकू: बरं, एक सांगा. आपल्या वाड्यात पहाटे बंब कोण पेटवायचं?

बाबा: बाई.

काकू: नाव काय त्यांचं?

बाबा: बाईच म्हणायचो सगळे. जिन्याखालच्या खोलीत असायच्या.

आत्या लंडन: मला हातातल्या हिरव्या बांगड्या आठवतात. रोझ कोळशाची बादली घेऊन जिना चढायची तेव्हा डोळ्यांसमोर त्याच यायच्या. नाव नाही आठवत. आईला माहीत असणार होतं.

दादा: जुन्या रेशनकार्डावर असेल का?

ताई: नोकरांची नावं कुठली कार्डावर.

(रात्री ११.४०)

काका: यमुना.

काकू: तुम्ही जागे आहात? आतल्या खोलीतून मेसेज काय करताय!

काका: त्यांची पोस्टकार्डं मी लिहायचो. चौथीत असताना. खाली “यमुना” लिहून द्यायचो आणि त्या बोटाने अक्षरं मोजायच्या.

आत्या लंडन: काय लिहायला सांगायच्या रे?

काका: पाऊस पडला का विचार, म्हणायच्या. दर वेळी तेवढंच. मग उरलेल्या कार्डावर मी शाळेचं लिहायचो.