सुरुवातीच्या काळात फोटो काढून घेणं नक्की कुणाला परवडायचं?

जुनी_पेटी: नमस्कार मंडळी, १८४० ते ६५ मधले युरोप-अमेरिकेतले पोर्ट्रेट फोटो बघतेय. आधी सगळे पैसेवाले दिसतात आणि मग वीसेक वर्षांत दुकानदार, सैनिक, कामवाल्या बायका सगळेच स्टुडिओत बसलेले. असं काय झालं, कॅमेरा स्वस्त झाला का? आणि मुंबईत तेव्हा काय चालू होतं?

कोलोडियन: कॅमेरा नाही, कॉपी स्वस्त झाली. डॅगेरोटाइप म्हणजे चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, त्यावर एकच फोटो, दुसरी प्रत हवी तर परत बसा. लंडनमध्ये रिचर्ड बिअर्डने १८४१ ला स्टुडिओ उघडला तेव्हा साधारण एक गिनी (म्हणजे २१ शिलिंग) घ्यायचा, शेतमजुराला आठवडाभर राबूनही तेवढे मिळत नव्हते. त्यात फ्रान्सने ही पद्धत १८३९ ला जगाला फुकट दिली पण इंग्लंडमध्ये पेटंट होतं, म्हणजे लायसन्सचे पैसे वेगळे. मग १८५१ ला फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रजाने काचेवर कोलोडियन नावाचं चिकट रसायन लावून फोटो काढायची पद्धत आणली आणि पेटंट घेतलंच नाही, मला तर हा माणूस फार मोठा वाटतो. एका काचेवरून हव्या तेवढ्या प्रती निघायला लागल्या. १८५४ ला पॅरिसच्या दिस्देरीने एकाच काचेवर बरेच छोटे फोटो घ्यायचं पेटंट काढलं, तेच कार्त द व्हिजित, व्हिजिटिंग कार्डाएवढे. खर्च सरळ वाटला गेला.

निळी_शाई: यात राबणाऱ्यांचं कुणी बोलत नाही म्हणून लिहितेय. ते फोटो ज्या कागदावर छापायचे त्याला अंड्यातलं पांढरं लावलेलं असायचं, जर्मनीत ड्रेस्डेनला त्याचे कारखाने होते, हजारो अंडी फोडून पांढरं वेगळं काढायचं काम बायका-मुली करायच्या. आणि हाताने छोटी पोर्ट्रेट रंगवणाऱ्या चित्रकारांचा धंदाच बसला, बरेच जण फोटोंवर रंग भरायला लागले.

गिरगावकर: सोजर्नर ट्रुथचे फोटो नक्की बघ. अमेरिकेत गुलामीत जन्मलेली बाई, १८६४ च्या सुमारास स्वतःचे कार्त विकून पोट आणि गुलामगिरीविरोधी चळवळ दोन्ही चालवत होती, शाल, पांढरी टोपी, हातात विणकाम, कसं दिसायचं ते तिने ठरवलेलं. मुंबईत १८५४ ला फोटोग्राफिक सोसायटी निघाली, भाऊ दाजींचे भाऊ डॉ. नारायण दाजी तिथे फोटोग्राफर म्हणून नावाजलेले होते, आणि १८५५ ला एल्फिन्स्टन शिक्षणसंस्थेत फोटोग्राफीचा वर्गसुद्धा सुरू झाला. पण इंग्रज सरकारने १८६८ ते ७५ मध्ये 'पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड काढले त्यात आपल्या लोकांच्या फोटोखाली बरेचदा नावच नाही, नुसती जात नाहीतर जमात. मला ते बघून अजून राग येतो.

जुनी_पेटी: खूप आभार सगळ्यांचे! ट्रुथचे फोटो बघितले, त्याखाली तिचं नाव छापलंय, त्याचं मोल आता जास्त कळलं. नारायण दाजींनी काढलेले फोटो कुठे बघायला मिळतील?