मदत हवी आहे: ऑफिसात टर्मिनल नीट चालतं, घरून एसएसएच केलं (म्हणजे नेटवर्कवरून त्याच मशीनवर लॉगिन केलं) की एलियस (लांब कमांड्सची छोटी नावं) गायब

कोणी लिनक्सवाले असतील तर प्लीज बघा. ऑफिस करी रोडला, तिथल्या माझ्या डेस्कटॉपवर उबुंटू आहे, शेल (कमांड घेऊन चालवणारा प्रोग्राम) बॅश. कालपासून पावसामुळे सेंट्रलच्या लोकलचं काही खरं नाही म्हणून मुलुंडहून लॅपटॉपवरून एसएसएच करतेय. लॉगिन होतं, पण प्रॉम्प्ट (ओळीच्या सुरुवातीला येणारा मजकूर, त्यापुढे कमांड टाइप करतो तो) नेहमीचा हिरवा नाही, साधा पांढरा, आणि एलएल हा एलियस मारला की कमांड नॉट फाउंड. बॅशआरसी (बॅशची सेटिंग फाइल, एलियस आणि रंग तिच्यातच आहेत) उघडून पाहिली तर सगळ्या ओळी जागच्या जागी. त्याच विंडोत नुसतं बॅश टाइप करून एंटर मारलं की रंग पण येतो, एलियस पण चालतात, एक्झिट केलं की परत पांढरा. मागच्या महिन्यात घरून केलं तेव्हा असं नव्हतं, मधे फक्त एक टूल टाकलंय, त्याच्या इन्स्टॉलरने पाथ (शेल प्रोग्राम ज्या फोल्डरांत शोधतं त्यांची यादी) अपडेट केला असं काहीतरी स्क्रीनवर आलेलं. उद्या संध्याकाळी रिलीज आहे आणि डिप्लॉयच्या कमांड्स एलियसमधेच आहेत, एवढ्या लांब कमांड्स हाताने टाइप करायची खरंच भीती वाटते.

प्रतिसाद:
बॅशआरसी ठीक आहे, ती वाचलीच जात नाहीये. एसएसएचने आत गेलात की लॉगिन शेल, म्हणजे लॉगिन करताना सुरू होणारं शेल, मिळतं. ते आधी ईटीसी या सिस्टिम फोल्डरमधली प्रोफाइल फाइल वाचतं, मग तुमच्या होम फोल्डरमधे डॉट बॅश-प्रोफाइल, डॉट बॅश-लॉगिन, डॉट प्रोफाइल या क्रमाने शोधतं आणि पहिली सापडेल तेवढीच वाचतं, पुढच्या बघतही नाही. बॅशआरसीला लॉगिन शेल आपणहून हात लावत नाही, उबुंटूच्या डॉट प्रोफाइलमधे तिला बोलावणारी ओळ असते म्हणून ती चालते. ऑफिसातली टर्मिनल विंडो लॉगिन शेल नसते, ती थेट बॅशआरसी वाचते, नुसतं बॅश टाइप केल्यावरही तेच. एलएस मायनस ए मारा (डॉटवाल्या लपलेल्या फाइल्सही दिसतात), डॉट बॅश-प्रोफाइल नवीन दिसतेय का? मला इन्स्टॉलरचाच संशय आहे.

धागाकर्ती:
आहे!! आत एकच ओळ, एक्सपोर्ट पाथवाली, तारीख पण त्याच दिवसाची. डिलीट करू?

प्रतिसाद:
नुसती डिलीट केलीत तर टूलचा पाथ जाईल. ती ओळ डॉट प्रोफाइलच्या शेवटी टाका, मग फाइल काढा. आणि आत्ताची विंडो बंद करू नका हां, दुसऱ्या विंडोतून लॉगिन करून बघा, काही चुकलंच तर पहिलीतून दुरुस्त करता येईल. एको डॉलर शून्य मारलं की बॅशच्या आधी मायनस दिसला तर ते लॉगिन शेल.

दुसरा प्रतिसाद:
मॅकवाल्यांनी हे जसंच्या तसं करू नका. 2019 च्या मॅकओएस कॅटलिनापासून तिथे नवीन अकाउंटला बॅशऐवजी झेडशेल असतं आणि ते लॉगिन असो नसो, इंटरॅक्टिव्ह (म्हणजे आपण स्वतः कमांड टाइप करतो तसं) असेल तर डॉट झेडएसएचआरसी ही त्याची सेटिंग फाइल वाचतंच.

धागाकर्ती:
झालं! मायनस बॅश दिसतंय, प्रॉम्प्ट हिरवा, एलएल चालतंय, टूल पण. दोघांचे मनापासून आभार, उद्याचा रिलीज घरूनच करते.