लिन युतांग कोण? अप्पा बळवंत चौकात पुस्तक मिळालं

मुक्ता_कोथरूड:
परवा अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात लिन युतांग यांचं ‘द इम्पॉर्टन्स ऑफ लिव्हिंग’ हाती लागलं, ८० रुपयांत. त्यात अंथरुणात लोळत पडण्यावरही लिहिलंय! हा गृहस्थ चिनी की अमेरिकन? आणि हे सगळं गमतीनं घ्यायचं का?

चहाटळ:
चिनीच. जन्म १८९५चा, फूजियान प्रांतातला, पाद्र्याचा मुलगा. शिकला शांघाय, हार्वर्ड आणि लाइपझिगला. अमेरिकन लेखिका पर्ल बक यांनी गळ घातली म्हणून चीनवर इंग्रजीत लिहिलं, १९३५ला. तुमचं पुस्तक १९३७चं. ‘ह्यूमर’साठी चिनीत ‘यौमो’ हा शब्द त्यांनीच रुळवला. तेव्हा गमतीनंच घ्या.

टंकनवाले काका:
गमतीनं घ्या, पण माणूस नुसता गमत्या नव्हता हो. मी ३१ वर्षं नारायण पेठेत टायपिंगचे क्लास घेतले, त्यामुळे मला त्यांची पुस्तकं नाहीत, त्यांनी बनवलेलं चिनी टाइपरायटरचं मशीन माहीत. मराठी टाइपरायटरवर ‘भ’ची सबंध कळ नसते, आधी अर्धा भ मारायचा, मग काना. नवी पोरं तिथेच अडायची. मग हजारो चिनी अक्षरं बसवायची कुठे? या बहाद्दरानं अक्षरांचे तुकडे पाडले. कळा फक्त ७२. एक कळ वरच्या भागाची, एक खालच्या. दोन्ही दाबल्या की छोट्या खिडकीत आठपर्यंत अक्षरं दिसायची, हवं त्याचा आकडा दाबायचा. आज मोबाइल शब्द सुचवतो ना, तसंच. आणि हे १९४७ साली!

नाव ‘मिंगक्वाय’, म्हणजे स्पष्ट आणि झटपट. पुस्तकांवर कमावलेलं सगळं त्यात गेलं, वर कर्ज झालं. त्यांची पुस्तकं छापायचे पर्ल बक यांचे यजमान. पैशांची गरज पडली तेव्हा तिथून नकार आला आणि मैत्रीत मिठाचा खडा पडला. रेमिंग्टन या टाइपरायटर कंपनीच्या साहेबांपुढे मशीन मांडलं, लिन यांची मुलगी कळा दाबायला बसली, तर ते हलेचना. परीक्षेच्या दिवशीच रिबन अडकावी तशातली गत. मला हे वाचून त्या मुलीचंच वाईट वाटलं.

मुक्ता_कोथरूड:
काका, मग आता ते मशीन कुठे आहे?

टंकनवाले काका:
नमुना एकच होता आणि तो हरवला असंच सगळे धरून चालले होते. २०२५ साली न्यूयॉर्कमध्ये एका तळघरात निघाला. आता स्टॅनफर्ड विद्यापीठाकडे आहे. तुमचं वाचून झालं की पुस्तक मला द्या. लोळायला आता वेळच वेळ आहे.