नीट (वैद्यकीय प्रवेश परीक्षा): पाठांतर पक्कं आहे, पण असर्शन-रीझन आणि आलेखाचे प्रश्न चुकतात

बारावी_सायन्स:
बायोलॉजीचं एनसीईआरटीचं पाठ्यपुस्तक ओळ न ओळ वाचून झालंय. सरळ प्रश्न बरोबर येतात. असर्शन-रीझन (एक विधान आणि त्याचं दिलेलं कारण) किंवा आलेख आला की दोन पर्यायांवर येऊन अडकते. फिजिक्समध्ये सूत्रं पाठ आहेत, पण कुठलं कधी लावायचं ते सुचत नाही. आणखी टेस्ट सोडवू की पुस्तकच पुन्हा वाचू?

पेशीकेंद्रक:
आधी असर्शन-रीझन. दोन्ही विधानं एकदम वाचू नकोस. हाताने दुसरं झाक, पहिल्याला खरं-खोटं ठरव, मग दुसऱ्याला. दोन्ही खरी निघाली तरच 'कारण' लावून जोडून बघ.

उदाहरण घे. असर्शन: माणसाच्या पक्व आरबीसीमध्ये (लाल रक्तपेशींत) केंद्रक नसतं. रीझन: आरबीसी सरासरी १२० दिवस जगतात. दोन्ही खरी, पुस्तकात जवळजवळ छापलेली, म्हणून मुलं डोळे झाकून 'रीझन हे योग्य स्पष्टीकरण' टिक करतात. इथे स्वतःला विचार: आरबीसी १२०ऐवजी ९० दिवस जगत असत्या, तर त्यांच्यात केंद्रक असतं का? तसं मानायला काहीच आधार नाही. म्हणजे रीझन खरं, पण स्पष्टीकरण नाही. या प्रकारातले बरेच गुण याच एका पायरीवर जातात. 'सर्व', 'फक्त', 'नेहमी' यांखाली रेघ ओढ. 'सर्व आर्टरी (धमन्या) ऑक्सिजनयुक्त रक्त नेतात' हे ऑक्सिजन कमी असलेलं रक्त फुफ्फुसाकडे नेणाऱ्या एका पल्मनरी आर्टरीने खोटं ठरतं.

आलेखात आधी दोन्ही अक्ष आणि एकक, मग वक्राचा आकार, पर्याय सगळ्यात शेवटी. ऑक्सिजन डिसोसिएशन कर्व्ह (ऑक्सिजनच्या दाबानुसार हिमोग्लोबिन किती भरलेलं असतं याचा वक्र) 'उजवीकडे सरकतो, डावीकडे सरकतो' असा पाठ केला की परीक्षेत हमखास उलटा आठवतो. त्यापेक्षा कागदावर दोन वक्र काढ आणि pO₂ (ऑक्सिजनचा आंशिक दाब) ४० वर उभी रेघ मार. उजवीकडच्या वक्रावर त्याच pO₂ ला सॅच्युरेशन कमी दिसेल, म्हणजे हिमोग्लोबिनने ऑक्सिजन जास्त सोडला. तो कुठे सोडायला हवा? काम करणाऱ्या स्नायूत. तिथे CO₂ जास्त, H⁺ जास्त, तापमान जास्त. म्हणजे हे तिन्ही वाढले की वक्र उजवीकडे, घटक आपोआप जागेवर बसतात, वेगळं पाठ करावं लागत नाही.

न्यूटन_मीटर:
फिजिक्सबद्दल. सूत्र लिहिण्याआधी एक ओळ लिहायची: काय बदलतंय, काय तसंच राहतंय. तार ओढून लांबी दुप्पट केली, रोध किती पट? R = ρl/A (l लांबी, A तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ) बघून 'दुप्पट' म्हणणारे A ला विसरतात. तार ओढली तरी घनफळ तेच राहतं, म्हणून क्षेत्रफळ निम्मं आणि रोध चौपट. लांबी १०% वाढवली तर १.१ × १.१ = १.२१, म्हणजे वाढ २१%. अशा प्रश्नात पर्यायांत २०% आणि २१% दोन्ही असू शकतात, तेव्हा घाईत 'टक्क्याची दुप्पट' करू नकोस.

दुसरी सवय म्हणजे टोकाची किंमत घालून बघणं. घर्षण असलेल्या उतारावरून घसरताना त्वरण g(sinθ − μcosθ), θ उताराचा कोन, μ घर्षण गुणांक. θ = ९०° घाल: g येतं, म्हणजे मुक्त पतन. sin आणि cos ची अदलाबदल केलेला पर्याय तिथे −μg देतो, तो लगेच काट. केमिस्ट्रीतही हेच. १०⁻⁸ M HCl (अतिशय विरळ आम्ल) चा pH ८ आला तर थांब, आम्लाचं द्रावण अल्कधर्मी होणार नाही. पाण्याचे H⁺ मोजायचे राहिलेत.

ओएमआर_काका:
टेस्ट की पुस्तक, याचं उत्तर चुकांच्या वहीत मिळेल. प्रत्येक चुकीपुढे चारपैकी एक खूण कर: माहितीच नव्हती, प्रश्न नीट वाचला नाही, तर्काची पायरी चुकली, आकडेमोड चुकली. पहिली खूण जास्त असेल तर पुस्तक, तिसरी जास्त असेल तर टेस्ट थांबवून तेच प्रश्न उत्तर न बघता पुन्हा सोडव. नुसत्या टेस्ट वाढवून तर्क सुधारत नाही, त्याच चुका वेगाने होतात.

दोन पर्याय खात्रीने कटले असतील तर उत्तर दे. बरोबर उत्तराला +४ आणि चुकीला −१ धरून सरासरी १.५ गुण पदरात पडतात. चारही पर्याय अंधारात असतील तर सरासरी जेमतेम ०.२५, त्यावर वेळ घालवू नये. २०२५ पासून १८० प्रश्नांना १८० मिनिटंच आहेत. बायोलॉजीचे ९० प्रश्न ५० मिनिटांत संपवले तरच फिजिक्सला विचार करायला जागा उरते. मराठी माध्यम निवडलं असेल तर शंका येईल तिथे शेजारचा इंग्रजी मजकूर वाच, भाषांतरात संदिग्धता असल्यास तोच अंतिम धरतात.

बारावी_सायन्स:
न्यूटन_मीटर सर, मग त्या HCl चा pH कॅल्क्युलेटरशिवाय कसा काढायचा?

न्यूटन_मीटर:
नुसती बेरीज केली तर H⁺ १.१ × १०⁻⁷, pH सुमारे ६.९६. आम्लामुळे पाण्याचं स्वतःचं विघटन थोडं दबतं, म्हणून नेमकं १.०५ × १०⁻⁷ आणि pH ६.९८. पर्याय ८, ७, ६.९८ आणि ६ असे असतील तर लॉग काढायचीही गरज नाही: ७ पेक्षा कमी, पण अगदी थोडाच.