मदत हवी आहे: मावशी म्हणतात, झाडू मारण्यापेक्षा जेल बरं

नमस्कार. आमच्याकडे (भांडुप) सात वर्षं धुणंभांडी करणाऱ्या मावशींसाठी विचारतेय. त्यांनी एका दुकानातून 2,800 च्या दोन साड्या उचलल्या. का, ते विचारू नका. भाचीचं लग्न होतं एवढंच सांगते. सीसीटीव्हीत सापडल्या, तोवर साड्या गावाला पोचल्या होत्या. अकरा दिवस भायखळ्याच्या महिला जेलात काढून जामिनावर सुटल्या. आता कोर्टाने दोषी ठरवलंय, शिक्षेची तारीख मंगळवारी.

वकील विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळालेत (बायकांना उत्पन्नाची अट नसते). ते म्हणाले, नव्या न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये पहिलाच गुन्हा आणि माल 5,000 च्या आतला असेल तर किंमत भरून टाका, समाजसेवेची शिक्षा होते.

मला वाटलं, सुटलो. तर मावशी पैसेच भरायला तयार नाहीत! "आत होते तेव्हा चाळीत 'गावाला गेलेय' म्हणून सांगितलं, ताई. नाक्यावर झाडू मारताना दिसले तर काय सांगू? कामं जातील सगळी. आत निदान सगळ्या सारख्याच."

आधी मी चिडले. पण त्यांचं अगदीच चूक नाही. या सेवेला मजुरी नसते, तेवढ्या वेळची घरकामंही बुडणार. मात्र त्यांच्या डोक्यात ते अकरा दिवसच आहेत, इथे कैद तीन वर्षांपर्यंत होऊ शकते. मुलगी नऊ वर्षांची. जेलात सहा वर्षांपर्यंतचंच मूल आईजवळ राहतं. तिचं काय, म्हटलं की मावशी गप्प.

सेवेची जागा लांबची मागता येते का? अशी शिक्षा भोगलेली कुणी बाई माहितीत आहे का, मावशींशी बोलेल अशी?

प्रतिसाद: कुठे, किती तास, हे संहितेत लिहिलेलं नाही, कोर्ट ठरवतं. म्हणून वकिलांना आजच लेखी अर्ज तयार करायला सांगा: मुलगी, घरकामाच्या वेळा, लांबचं हॉस्पिटल चालेल असं स्पष्ट लिहा. सोबत 1958 च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची विनंतीही करून बघा. आणि टाटा समाजविज्ञान संस्थेच्या 'प्रयास'ला गाठा, मुंबईच्या जेलांतल्या बायकांसोबत त्यांचं जुनं काम आहे.

धागाकर्ती: आभार! मावशींना वाचून दाखवलं. हॉस्पिटल ऐकल्यावर पहिला प्रश्न, "मुलुंडचं नको हं, तिथे नणंद असते."