इंजिन सुरू झाले की स्पीकरमधून शिट्टी: दोष अल्टरनेटरचा की अर्थिंगचा?

प्रश्न: यवतेश्वर_घाट (सातारा)

नमस्कार. माझ्या जुन्या डिझेल हॅचबॅकमध्ये नुकतेच नवे हेड युनिट (डॅशबोर्डमधला म्युझिक प्लेअर) आणि डिकीत चार चॅनेलचा ॲम्प्लिफायर बसवून घेतला. इंजिन बंद ठेवून गाणी लावली तर आवाज अगदी स्वच्छ येतो. इंजिन सुरू करताच मात्र चारही स्पीकरमधून बारीक शिट्टी ऐकू येऊ लागते आणि रेस दिली की तिचा स्वर चढत जातो. कासकडे जाताना घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी चढत असली की मागे बसलेल्यांना बोलणेही नकोसे होते.

हेड युनिटचा आवाज शून्यावर आणला तरी शिट्टी कमी होत नाही. ज्या दुकानात काम करून घेतले, तिथे आता हेड युनिटच्या पॉझिटिव्ह तारेवर नॉइज फिल्टर बसवण्याचा सल्ला देत आहेत आणि तेवढ्याने न भागल्यास अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज तयार करणारे जनित्र) बदलावा लागेल असेही सांगत आहेत. एवढ्या खर्चात पडण्यापूर्वी घरच्या घरी काय तपासता येईल? माझ्याकडे साधा डिजिटल मल्टीमीटर आहे.

उत्तर: विश्रामबाग_वायरिंग (सांगली)

आवाज शून्यावर असतानाही शिट्टी तेवढीच राहते, हे तुम्ही लिहिलेत ते फार महत्त्वाचे आहे. शिट्टी जर हेड युनिटच्या आत, आवाजाच्या नियंत्रणाच्या आधी शिरत असती, तर आवाज कमी करताच गाण्याबरोबर तीही कमी झाली असती. ती तशीच राहते, याचा अर्थ ती हेड युनिटच्या आउटपुटपासून ॲम्प्लिफायरपर्यंतच्या टप्प्यात कुठेतरी मिसळते आहे. हेड युनिटच्या तारेवर फिल्टर लावून तिथे फारसा उपयोग होणार नाही.

पहिली तपासणी अशी करावी. ॲम्प्लिफायर बंद करून त्याच्या सर्व आरसीए पिना (हेड युनिटकडून गाण्याचा सिग्नल आणणाऱ्या केबलच्या) काढाव्यात, इनपुटांमध्ये शॉर्टिंग प्लग घालावेत (जुन्या आरसीए केबलचे टोक कापून आतली तार आणि बाहेरची जाळी एकत्र पिळली तरी तो तयार होतो), मग ॲम्प्लिफायर आणि इंजिन सुरू करावे. शिट्टी गेली, तर ॲम्प्लिफायर आणि त्याच्या पुढचे वायरिंग निर्दोष आहे. राहिली, तर ॲम्प्लिफायर, त्याचा पुरवठा किंवा स्पीकरच्या तारा यांकडे पाहावे.

बहुतेक वेळा ती जाते, आणि तेव्हा संशय अर्थिंगवर (उपकरणाची निगेटिव्ह तार गाडीच्या पत्र्याला जोडण्यावर) घ्यावा. हेड युनिटला अर्थ डॅशबोर्डमागे मिळतो, ॲम्प्लिफायरला डिकीत, आणि आरसीए केबलची जाळी या दोन ठिकाणांना जोडते. दोन्हींच्या व्होल्टेजच्या पातळीत थोडा जरी फरक असला तरी त्या जाळीतून प्रवाह वाहू लागतो, ॲम्प्लिफायर त्यालाही गाण्याचाच भाग समजतो आणि मोठा करून स्पीकरला देतो. उदाहरणार्थ, ॲम्प्लिफायर २० अँपिअर घेत असेल आणि अर्थच्या जोडाचा रोध केवळ १० मिलीओहम असेल, तर तिथे ०.२ व्होल्टचा फरक पडतो, आणि हेड युनिटचा आउटपुट सिग्नलच मुळात २ ते ४ व्होल्टचा असतो. त्या फरकातला स्थिर भाग ऐकू येत नाही, पण अल्टरनेटरमुळे त्यात जो चढउतार होतो तो ऐकू येतो.

म्हणून मीटरचा एक प्रोब लांब तारेने बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरा ॲम्प्लिफायरच्या अर्थ टर्मिनलला लावून, इंजिन चालू ठेवून आणि गाणे मोठ्याने लावून डीसी व्होल्टेज पाहावे. ते ०.१ व्होल्टच्या खाली असावे. अर्थची तार पॉझिटिव्हच्याच गेजची (जाडीची), शक्य तितकी आखूड आणि रंग घासून उघड्या केलेल्या पत्र्यावर लगने (तारेच्या टोकाच्या धातूच्या कडीने) घट्ट आवळलेली हवी. डिकीच्या पत्र्यावर प्रायमर आणि रंग असतो, त्यावरच बोल्ट आवळलेला मी अनेक गाड्यांत पाहिला आहे. सीटबेल्टच्या बोल्टाला मात्र हात लावू नये. तो अपघातात जीव वाचवण्यासाठी असतो, अर्थिंगसाठी नव्हे.

उत्तर: सूर_मिरज (मिरज)

वरील उत्तराशी सहमत आहे. फक्त स्वराविषयी थोडी भर घालतो, कारण आमच्या गावात तंतुवाद्ये बनतात आणि कान त्याच सवयीचा झाला आहे. अल्टरनेटरमध्ये सामान्यतः १२ ध्रुव, म्हणजे ६ जोड्या असतात. इंजिन ८०० आरपीएमवर असेल आणि पुलीचे प्रमाण सुमारे अडीचपट धरले, तर अल्टरनेटर २,००० आरपीएमवर फिरतो. त्यामुळे प्रत्येक फेजची (अल्टरनेटरमधल्या तीन गुंडाळ्यांपैकी एकीची) वारंवारता २०० हर्ट्झ होते, आणि तीन फेजचा प्रवाह एसीचे डीसी करणाऱ्या सहा डायोडांतून गेल्यावर डीसीवर राहणारी लहर सहापट, म्हणजे १,२०० हर्ट्झच्या आसपास असते. हीच तुमची बारीक शिट्टी. इंजिन तिप्पट वेगाने फिरले की ती ३,६०० हर्ट्झपर्यंत जाते.

एखादा डायोड जळला असेल, तर शिट्टीबरोबर खालचा, घोगरा स्वरही उमटतो, कारण मग फेजची मूळ वारंवारताच लहरीत जोरात दिसू लागते. तुम्ही फक्त बारीक शिट्टीचा उल्लेख केला आहे. त्यावरून अल्टरनेटर बदलायची घाई करण्याचे कारण मला दिसत नाही.

उत्तर: कोयना_संगम (कराड)

अल्टरनेटरविषयी खात्रीच करायची असेल, तर इंजिन आणि हेडलाइट चालू ठेवून बॅटरीवर मीटरच्या एसी रेंजमध्ये मोजावे. ०.१ व्होल्टच्या खाली असेल तर उत्तम, ०.५ व्होल्टच्या वर गेले तर डायोड तपासून घ्यावेत. काही स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीलाच दुपटीच्या आसपास आकडा दाखवतात, तेव्हा आकडा २५-३० व्होल्ट दिसला तर मीटरवर विश्वास ठेवू नये.

आणखी एक. काही मेकॅनिक इंजिन चालू असतानाच बॅटरीची तार काढून अल्टरनेटर ‘चालतो का’ ते पाहतात. कृपया तसे करू देऊ नका. त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळते आणि इसीयूसकट (इंजिनवर नियंत्रण ठेवणारा संगणक) महागडी इलेक्ट्रॉनिक्स जळू शकते.

प्रश्नकर्ता: यवतेश्वर_घाट (सातारा)

सर्वांचे आभार. आरसीए काढून शॉर्टिंग प्लग लावल्यावर शिट्टी पूर्ण थांबली. अर्थ टर्मिनलवर ०.३ व्होल्ट मिळाले. डिकीतला गालिचा उचलला, तर लग पत्र्याच्या रंगावरच टेकलेला होता आणि बोल्टाभोवती गंज धरलेला होता. आमच्याकडच्या पावसात तसे होणे नवल नाही. स्पेअर व्हीलजवळचा पत्रा पॉलिश पेपरने घासून लग तिथे आवळला, वरून ग्रीस लावले. आता मीटर ०.०२ व्होल्ट दाखवतो आणि शिट्टी ऐकू येत नाही. बॅटरीवर एसी रेंजमध्ये ०.०४ व्होल्ट आले.

मात्र फोन चार्जरला लावून ऑक्सच्या तारेने (फोन हेड युनिटला जोडणाऱ्या ऑडिओ तारेने) गाणी ऐकली की वेगळाच टिर्र असा आवाज येतो. चार्जर काढला की जातो. तोही अर्थिंगचाच दोष समजायचा का?

उत्तर: विश्रामबाग_वायरिंग (सांगली)

होय, तोही अर्थचाच फेरा आहे, पण तुमच्या वायरिंगमधला नव्हे. चार्जरमधून फोनला एक अर्थ मिळतो आणि ऑक्सच्या तारेतून दुसरा. चार्जर १२ व्होल्टचे ५ व्होल्ट करताना प्रवाह सतत चालू-बंद करतो आणि तो खळखळाट त्या फेऱ्यातून ऑक्समध्ये उतरतो. ब्लूटूथने गाणी ऐकल्यास फोन आणि हेड युनिट यांच्यात तारच राहत नाही, म्हणून आवाजही राहत नाही. ऑक्सच वापरायचा असेल, तर त्या तारेत ट्रान्सफॉर्मरचा ग्राउंड लूप आयसोलेटर (अर्थचा फेरा तोडणारा) लावावा.

मी हा आयसोलेटर आरसीएवर सुचवला नव्हता, कारण स्वस्त आयसोलेटरमध्ये खालचा बास कमी होतो आणि गंजलेला जोड तसाच झाकला जातो. फोनच्या बाबतीत दुरुस्त करण्याजोगा जोडच नसल्याने इथे तो चालेल.